ऑयलरची संख्या

मुलांनो, १ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ आणि तीच संख्या यांशिवाय कशानेही भाग जात नाही, ती मूळ संख्या. उर्दूत तुम्ही तिला मुफरद अदद म्हणता.

२ हा अंक ३१ वेळा घेऊन गुणाकार करा, त्यातून १ वजा करा. २१४७४८३६४७ मिळतील. ही मूळ संख्या आहे का? ४६३४१ चा वर्ग हिच्याहून मोठा आहे. म्हणून ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागले की पुरे. पण इतके भागाकार कोण करणार?

ऑयलर यांनी एक युक्ती वापरली. हिचा मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागून १ च उरेल! बहुतेक भागाकार वाचले. १७७२ साली ही संख्या मूळ ठरली. तेव्हा ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती.

३११ ला ६२ ने भागा. १ उरतो ना? मग ३११ ने या संख्येला भागून पाहा.