चला, संगणकापाशी बसू या



आमच्या शाळेच्या संगणक खोलीत टेबलावरचा एक संगणक आणि दोन लॅपटॉप आहेत. मागच्या पालक सभेला आमचे आबाजी आले होते. त्यांनी दाराशी चप्पल काढली, आत डोकावले आणि मला विचारले, "काय वं पोरी, या डब्यात माहा सातबारा दिसते काय?" सगळी मुले हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "दिसतो ना आबाजी. या, बसा." पण आबाजी काही बसले नाहीत. "माह्या हातानं बिघडन," असे म्हणून ते निघून गेले.

म्हणून गुरुजींनी हा लेख मला लिहायला सांगितला. मी जेवढे स्वतःच्या हाताने केले आहे, बहुतेक तेवढेच लिहिणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, कळ दाबल्याने संगणक बिघडत नाही. तो बिघडतो पाणी सांडल्याने, धुळीने, चालू असताना वायर उपटल्याने आणि लॅपटॉपचे झाकण धाडकन आपटल्याने. चुकीची कळ दाबली तर फार तर नको ते पान उघडते. ते बंद करायला वरच्या उजव्या कोपऱ्यात फुलीची खूण असते. लिहिताना चूक झाली तर कंट्रोल ही कळ दाबून ठेवायची आणि झेड दाबायचे, की आधीचे होते तसे परत येते. पाटीवर पुसलेले परत येत नाही, इथे येते. आहे की नाही गंमत?

संगणक कसा काम करतो हे गुरुजींनी जिनिंगवरून सांगितले. आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला जिनिंग आहेत, बऱ्याच जणांचे वडील तिथे गाडी घेऊन जातात. एका बाजूने कापूस आत जातो, आत रेचे फिरतात आणि रुई व सरकी वेगळी होऊन बाहेर पडते. संगणकाचेही तसेच आहे. कळफलकाने आणि माऊसने आपण माहिती आत घालतो, डब्याच्या पोटात तिच्यावर काम होते आणि उत्तर पडद्यावर दिसते किंवा प्रिंटरमधून कागदावर निघते. लॅपटॉपमध्ये डबा, पडदा आणि कळफलक एकाच वहीसारखे मिटतात, शिवाय पोटात बॅटरी असते, एवढाच फरक. ओला कापूस घातला तर रुई चांगली निघत नाही, तसे चुकीचा आकडा घातला तर उत्तरही चुकीचेच निघते. संगणक आपणहून "बाई, तुझं चुकलं" असे म्हणत नाही.

आता माझी फजिती सांगते. मागच्या भित्तीपत्रकासाठी मी आमच्या गावच्या जुन्या विहिरीची माहिती टाइप करत होते. दोन दिवस मधल्या सुट्टीत बसून दीड पान झाले होते. मी संगणक बंदच केला नव्हता, नुसता पडदा घालवला होता. दुसऱ्या दिवशी लाईन गेली. आली तेव्हा पान कोरे! मी रडले, हे वर्गाला माहीतच आहे.

गुरुजींनी त्याचे कारण समजावले. संगणकाला दोन तऱ्हेची आठवण असते. एक पाटीसारखी. काम चालू असते तोवर सगळे पाटीवर लिहिलेले असते आणि वीज गेली की पाटी पुसली जाते. दुसरी वहीसारखी, ती वीज गेली तरी राहते. पाटीवरचे वहीत उतरवणे म्हणजे सेव्ह करणे. त्यासाठी कंट्रोल दाबून एस दाबायचे आणि फाईलला नाव द्यायचे. नावही नीट द्यावे. आमच्या वर्गात "नवीन" नावाच्या सात फायली आहेत आणि त्यातली कोणती कोणाची यावरून अजून भांडण आहे. मी आता दर चार ओळींनंतर सेव्ह करते. हा लेखही तसाच जपला.

मराठी कसे लिहायचे, हे सगळेच विचारतात. कळांवर तर इंग्रजी अक्षरे असतात! त्यासाठी आधी गुरुजींनी संगणकात मराठी कळफलक घालून ठेवला आहे. खिडकीच्या चित्राची कळ दाबून ठेवून लांब कळ, म्हणजे स्पेसबार दाबला की इंग्रजीचे मराठी होते. आमचा कळफलक इन्स्क्रिप्ट नावाचा आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ साली ठरवला. त्याची मांडणी आपल्या बाराखडीवरूनच केली आहे, म्हणून लवकर पाठ होते. डाव्या हाताकडे स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. क च्या कळीवर शिफ्ट दाबले की ख उमटतो, ग चा घ होतो, द चा ध, प चा फ. व्याकरणात अल्पप्राण आणि महाप्राण शिकतो ना, ते इथे बोटांना कळते.

आपल्या जिल्ह्याचे नाव लिहून पाहू. 'वर्धा' लिहायला पाच दाब लागतात : व, र, पाय मोडायची खूण, ध आणि काना. रफार ध च्या डोक्यावर बसतो, म्हणून मी आधी ध लिहून मग रफार शोधत बसायची. तो सापडेचना. कारण संगणकाला आपण बोलतो त्या क्रमाने सांगावे लागते. बोलताना र आधी येतो. 'हिंगणघाट' लिहितानाही तसेच. कागदावर पहिली वेलांटी आधी काढतो, इथे ह आधी आणि वेलांटी नंतर. हे एकदा समजले की जोडाक्षरांची भीती जाते.

संगणकात आपली भाषा यावी म्हणून पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुष्कळ काम केले. ही संस्था १९८८ साली निघाली आणि तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर हे आपल्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेले. अमेरिका भारताला हवा तो महासंगणक द्यायला तयार नव्हती, तेव्हा त्यांच्या हाताखाली इथेच 'परम' महासंगणक तयार झाला. ते साल होते १९९१. आमच्या वर्गातल्या एकाने विचारले, "गुरुजी, त्यांच्या शाळेत संगणक होता का?" तेव्हा खेड्यातल्या कोणत्याच शाळेत नव्हता, असे गुरुजी म्हणाले.

आता इंटरनेट. सेवाग्राम आश्रमात सहलीला गेलो तेव्हा तिथे जुना टेलिफोन पाहिला. व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावे म्हणून तो बसवला होता. एक तार, या टोकाला एक माणूस, त्या टोकाला दुसरा. इंटरनेट म्हणजे अशा असंख्य तारांचे जाळे, ज्यात जगभरातले संगणक एकमेकांना जोडले आहेत. समुद्राच्या तळातून काचेच्या बारीक तंतूंच्या तारा मुंबईपर्यंत आल्या आहेत आणि भारतनेट योजनेत तशाच तारा ग्रामपंचायतींपर्यंत नेल्या जातात. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्य लोकांना इंटरनेट मिळू लागले. मोबाईलवर व्हिडिओ दिसतात ते याच जाळ्यातून, म्हणजे पुष्कळ पालक रोजच इंटरनेट वापरतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसते.

त्यात काही शोधायचे तर नेमके शब्द लिहावेत. मी नुसते 'कपाशी' लिहिले तर बियाण्याच्या जाहिरातीच वर आल्या. मग 'कपाशी गुलाबी बोंडअळी कामगंध सापळे' असे लिहिले, तेव्हा कामाचे सापडले. जे सगळ्यात वर येते ते सगळ्यात खरे असते असे नाही. पैसे देऊनही वर येता येते आणि तिथे बारीक अक्षरात तसे लिहिलेले असते. म्हणून माहिती कोणी दिली ते आधी पाहावे. पिकाचे असेल तर अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था. दुकानदाराचे पान दुकानदाराच्याच फायद्याचे असणार.

इथे माता-पालकांसाठी एक गोष्ट थांबून सांगते. आमच्या आजीला फोन आला होता, "बँकेतून बोलून राह्यलो, कार्ड बंद होईल, आलेला नंबर सांगा." आजी अर्धा नंबर सांगून बसली होती, तेवढ्यात आईने फोन ओढला म्हणून वाचलो. तो नंबर म्हणजे ओटीपी. ती आपल्या कोठीची किल्ली आहे, बँकेचा माणूसही ती मागत नाही. आणि पैसे येणार असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे जाताना लागतो. तरी फसलोच तर लाजून घरात बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे निघून जातात.

आमच्या खोलीत गुरुजींचा एक नियम आहे. ज्याला येते त्याने हात मागे बांधून उभे राहायचे आणि ज्याला येत नाही त्याने माऊस धरायचा. आधी आम्हाला हा नियम आवडत नसे. दुसरा चुकत असला की हात शिवशिवतात. गुरुजी म्हणाले, ही पद्धत वर्ध्याचीच आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती तिथेच नेमली गेली आणि त्यातून नई तालीम निघाली. हाताने काम करता करता शिकायचे, असा तिचा विचार. टकलीवर सूत दुसऱ्याने काढून दिले तर आपल्याला कातणे येईल का? माऊसचेही तेच.

हा नियम आमच्या घरीच उपयोगी पडला. पंधरा दिवसांनी आबाजी पुन्हा आले, या वेळी चष्मा घेऊन. गुरुजींनी त्यांना खुर्चीवर बसवले. मी पटकन माऊस धरणार, तर गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी हात मागे बांधले. आबाजींचा हात थरथरत होता, बाण पडद्यावर माशीसारखा पळत होता. मी सांगत गेले, ते करत गेले. महाभूलेखचे पान उघडले. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते आधी पाहिले, सरकारी पानाची ती खूण. मग नागपूर विभाग निवडला, कारण वर्धा जिल्हा त्यात येतो. मग सातबारा, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर. शेवटी मोबाईल नंबर आणि वाकडीतिकडी अक्षरे पाहून तशीच लिहायची. याला पैसे लागत नाहीत. हा सातबारा नुसता पाहण्यासाठी असतो. कचेरीत चालणारा, डिजिटल सहीचा सातबारा वेगळा काढावा लागतो. तो १ मे २०१८ पासून मिळतो आणि त्याला पंधरा रुपये पडतात.

सातबारा उघडला. आबाजींनी स्वतःचे नाव मोठ्याने वाचले. मग खाली बाराच्या नमुन्यावर, जिथे पीक लिहिलेले असते तिथे बोट ठेवले आणि गप्प झाले. "आपून कपाशीत तुरीचे तास पेरले होते न?" म्हणाले. "इथं तर नुसता कापूसच हाये."

तूर नव्हतीच. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने मोबाईलवर ई-पीक पाहणीत स्वतः करायची असते. आमच्या घरी कोणाला जमत नव्हते म्हणून बाबांनी ती दुसऱ्याकडून करवून घेतली. त्याने एकच पीक टाकले, आंतरपीक राहिले. ते कोणी मुद्दाम केले नाही, घाईत झाले. पण सरकारी हमीभावाने तूर द्यायची तर सातबाऱ्यावर तुरीची नोंद मागतात. मागच्या वर्षी बाबा केंद्रावरून परत का आले आणि तूर व्यापाऱ्याला पडत्या भावात का द्यावी लागली, ते त्या दिवशी आम्हाला कळले. आपण केलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करता येते. आम्ही पाहिलीच मुळी कित्येक महिन्यांनी. त्यानंतर तलाठ्याकडेच जावे लागते.

या वर्षी पीक पाहणी बाबांनी स्वतः केली. धुऱ्यावर उभे राहून फोटो काढला, मी शेजारी हात मागे बांधून उभी. आधी कापूस, मग तूर. रात्री आबाजींनी दोनदा उघडून पाहिले.

दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर एक तास पालकांसाठी संगणक खोली उघडी असते. शिकवायला आम्ही सातवीची मुले-मुली असतो. येताना आपला गट नंबर कागदावर लिहून आणावा, आणि ज्यांना लागतो त्यांनी चष्मा विसरू नये.