चढताना लागणारा दम, चालताना भरणारी पोटरी

बुद्ध पौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढताना वस्तीतल्या एक मावशी आम्हाला तिसऱ्यांदा टेकलेल्या दिसल्या. वय ५२. गेल्या वर्षी त्याच पायऱ्या त्या न थांबता चढल्या होत्या. "काही नाही ताई, गॅस धरलाय," म्हणाल्या. पाच मिनिटं बसल्या की बरं वाटायचं, पुन्हा चढायला लागलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं.

गॅस असा पायऱ्या मोजून येत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून अरुंद झाल्या, तरी बसल्या जागी रक्त पुरतं. चढताना, पाण्याचा हंडा उचलताना, जेवून लगेच घाईने चालताना ते कमी पडतं. म्हणून हा त्रास श्रमाने येतो आणि थांबलं की जातो. थांबलं की जातो म्हणूनच आपण तो अंगावर काढतो.

दुखणं छातीतच असेल असंही नाही. जबडा, मान, डावा हात, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये, कुठेही येतं. बायकांना आणि शुगर असणाऱ्यांना कधी दुखतच नाही. नुसता दम, घाम, मळमळ, नेहमीच्या कामाने न येणारा थकवा. आम्ही नोकरीत असताना धुणीभांडी करणारी एक बाई जबडा दुखतो म्हणून आली. दाताचं असेल म्हणून आम्ही तिला सकाळी यायला सांगितलं. पहाटे ती स्ट्रेचरवर आली. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न हाच असतो: काम केलं की वाढतं का?

पायाचंही तसंच. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, उभं राहिलं की मोकळी होते, तर पायाची धमनी अरुंद झालेली असू शकते. पाय गार पडतो, अंगठ्याची जखम भरत नाही. बिडी, तंबाखू, मिश्री यांनी हे लवकर ओढवतं. मिश्रीला आपल्या बायका व्यसन समजतच नाहीत, ही खरी अडचण. रात्री तळपायांची आग, मुंग्या हे बहुधा मधुमेहाने मज्जातंतूंचं दुखणं असतं, तेही दाखवायला हवंच. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि पायांच्या वेदना होत्या. त्यांनी लेखन थांबवलं नाही, पण इन्शुलिनही घेतलं.

दवाखान्यात "अशक्तपणा वाटतो" एवढंच सांगू नका. किती पायऱ्यांवर दम लागतो, किती वेळात थांबतो, गेल्या वर्षी किती चालत होतात, ते सांगा. तिशीनंतर रक्तदाब आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर येत असेल, तर डोकं दुखत नसलं तरी औषध टाळू नका. बसल्या जागी छातीत दुखून घाम फुटला, तर सोडा, बाम, मालिश यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, रिक्षा समोर असेल तर तिने निघा. अँजिओप्लास्टी, बायपास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा.

मावशींचा पहिला ईसीजी चांगला आला, तेव्हा घरच्यांनी आम्हालाच हसून घेतलं. बसून काढलेल्या ईसीजीत असा त्रास पुष्कळदा दिसत नाही. पट्ट्यावर चालवून काढला तेव्हा दिसला. आता गोळ्या सुरू आहेत, अँजिओग्राफीची तारीख मिळाली आहे. मिश्रीची डबी मात्र परवा उशाखालीच सापडली.