राजीनाम्याचा मसुदा मागू नका

प्रश्न : मी एका विद्यापीठात वरिष्ठ लिपिक आहे. सप्टेंबर 2001 मध्ये रोजंदारीवर लागलो, मार्च 2005 मध्ये कायम झालो. पत्नीच्या नावावर विमा एजन्सी आहे आणि माझ्या काही सहकाऱ्यांनी तिच्याकडून पॉलिसी घेतल्या. कोणीतरी तक्रार केली. आता कुलसचिवांची कारणे दाखवा नोटीस आली असून सात दिवसांत खुलासा मागितला आहे. मुलगी बारावीला आहे. बडतर्फी झाली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सहकारी म्हणतात, ‘राजीनामा देऊन मोकळा हो, चौकशी मिटते. चोवीस वर्षं झालीत, पेन्शन बसेलच.’ राजीनाम्याचा कायदेशीर मसुदा द्याल का? वडिलांच्या आजारपणात मी चौदा महिने विनावेतन रजेवर होतो, त्याने काही फरक पडतो का?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : मसुदा देणार नाही. तुम्हाला नोकरी सोडायची नाही, अब्रू वाचवायची आहे. आणि त्या भीतीपोटी तुम्ही बायकोमुलीची पेन्शन पणाला लावायला निघाला आहात.

तुमचे सहकारी राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती एकाच मापाने मोजतात. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधला नियम 46 सांगतो की राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा जप्त होते. अपवाद आहे तो पूर्वपरवानगीने दुसरी सरकारी नोकरी धरणाऱ्यांसाठी, तुमच्यासाठी नाही. सेवा जप्त म्हणजे निवृत्तिवेतन नाही आणि तुमच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनही नाही. भविष्य निर्वाह निधीत साठलेले तुमचे पैसे मिळतील, पण म्हातारपण काही त्यावर निघत नाही.

‘इतकी वर्षं झाल्यावर कोण अडवतं?’ असे तुम्हाला कोणी सांगेल. दिल्लीच्या वीजपुरवठा खात्यातला एक कर्मचारी 1968 मध्ये रोजंदारीवर लागला, 1971 मध्ये शिपाई म्हणून कायम झाला आणि 1990 मध्ये त्याने राजीनामा दिला. पुढे तो पेन्शनसाठी भांडला. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : वीस वर्षे भरली होती की नव्हती हा प्रश्नच उरत नाही, राजीनामा दिला त्याच क्षणी सेवा गेली, आणि त्याला मागाहून स्वेच्छानिवृत्ती म्हणता येत नाही. तो खटला केंद्राच्या नियमांखालचा होता, पण आपला नियम 46 त्याच साच्याचा आहे. मी असे राजीनामे पाहिले आहेत. रागाच्या किंवा घाबरलेल्या दुपारी लिहिलेले, दुसऱ्याच दिवशी मंजूर झालेले. मंजुरीआधी राजीनामा मागे घेता येतो. नंतर घेण्याची जी सवलत नियमात आहे, तिला अट अशी की राजीनाम्याचे कारण सचोटी, कार्यक्षमता किंवा वर्तणुकीशी निगडित नसावे. तुमच्यावर आरोपच वर्तणुकीचा आहे. ते दार तुम्हाला बंद समजा.

सन्मानाने बाहेर पडायचेच असेल, तर नियम 66 खाली स्वेच्छानिवृत्ती आहे. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा भरल्यावर तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यायची. इथे तुमचे चोवीस वर्षांचे गणित कोसळते. रोजंदारीचा काळ आपोआप धरत नाहीत; काही भाग धरून घ्यायचा तर स्वतंत्र आदेश लागतो. स्वतःच्या वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली विनावेतन रजाही सहसा वजा होते. मार्च 2005 पासून मोजून चौदा महिने काढले, तर वीस वर्षे मे 2026 मध्ये भरतात. आस्थापना विभागात जाऊन सेवापुस्तक पाहा आणि नोंदींची प्रत घ्या. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे : 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी कायम झाल्यामुळे तुम्ही जुन्या पेन्शनमध्ये आहात. त्यानंतर लागलेल्यांनी हे उत्तर स्वतःला लावू नये.

आणि कसेही बाहेर पडलात तरी चौकशी पाठ सोडतेच असे नाही. चौकशी चालू असताना नियुक्ती प्राधिकारी स्वेच्छानिवृत्ती नाकारू शकतात. निवृत्तीपूर्वी सुरू झालेली चौकशी निवृत्तीनंतरही चालते. तोवर तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते आणि उपदान अडकून राहते.

आता नोटिशीकडे या. कारणे दाखवा नोटीस म्हणजे बडतर्फी नव्हे. पत्नीने एजन्सी चालवणे हा गैरप्रकार नाही. राज्याच्या 1979 च्या वर्तणूक नियमांनुसार खटकते ते कर्मचाऱ्याने घरच्यांच्या विमा एजन्सीसाठी गिऱ्हाईक मिळवणे. विद्यापीठाच्या तुमच्या सेवानियमांत याबाबत नेमके शब्द काय आहेत ते आधी वाचा. मग स्वतःला खरे उत्तर द्या : त्या पॉलिसी पत्नीने विकल्या की तुम्ही, तुमच्या टेबलावर? एजन्सीची माहिती कार्यालयाला कधी दिली होती का? सात दिवस संपण्याआधी तक्रारीची व कागदपत्रांची प्रत आणि मुदतवाढ लेखी मागा, आवक विभागाची पोच घ्या. खुलासा मुद्देसूद आणि खरा असू द्या. ‘चूक झाली, क्षमा असावी’ असे भावनेच्या भरात लिहू नका. चौकशीत तीच कबुली म्हणून वाचली जाते.

आजारपणाचा दाखला देऊन दडून बसू नका. आमदारांचे पत्र आणू नका. तक्रारदार कोण ते शोधत फिरू नका.

उद्या प्रकरण खरोखर बडतर्फीपर्यंत गेलेच, तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात अपील आहे. त्याला तीस दिवसांची मुदत आहे, ती चुकवू नका. राजीनामा स्वखुशीने दिलेल्याच्या हाती हे अपीलही उरत नाही. सेवाविषयक खटले चालवणारा वकील याच आठवड्यात गाठा, आणि तोवर कोणीही पुढे केलेल्या कागदावर सही करू नका.