चेहऱ्याची कड जपताना

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव येथे दरड कोसळून घरे व माणसे गाडली गेली. अशा आपत्तीनंतर मृत व्यक्तीचे छायाचित्र पुष्कळदा नातलगांकडील लग्नाच्या समूहचित्रातच उरते. त्यातून चेहरा वेगळा काढताना संगणकाने केलेली निवड अंतिम मानणे योग्य नव्हे. खांद्यांची कड एक-दोन पिक्सेल आत घेऊन किंचित मऊ करावी. केसांपाशी मात्र केस व पार्श्वभूमी यांचे रंग एकाच पिक्सेलमध्ये मिसळलेले असतात. तेथे कड शोधणारा ब्रश फिरवावा व मागील रंगाची झाक काढावी. नको असलेला भाग पुसून न टाकता मास्कने झाकावा, म्हणजे चूक सुधारता येते. मूळ चित्र स्वतंत्र जतन करावे. कड वाजवीपेक्षा अधिक कापली, तर ओळखीचा चेहराही घरच्यांना परका वाटू लागतो.