आधी डोळा, मग जीभ : आस्वादाचा एक धडा



‘आस्वाद’ हा शब्द आपल्या मंडळात आपण सढळ हाताने वापरतो. कवितेचा आस्वाद, कथेचा आस्वाद, आस्वादक समीक्षा. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्नही येतो. पण हा शब्द मुळात जिभेचा आहे. स्वाद घेणं म्हणजे नेमकं काय करणं, हे मला वर्गात कधी कळलं नव्हतं. ते कळलं नाशिकला, माझ्या आत्येभावाच्या स्वयंपाकघरात.

दोन बाटल्या, एक उत्पादक

दादा तिथल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्याच्याकडे फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या एकाच उत्पादकाच्या दोन बाटल्या होत्या. एक पांढरी वाइन, एक तांबडी, दोन्ही एकाच वर्षाच्या. तो म्हणाला, “माणूस तोच, गाव तेच, पाऊसपाणी तेच. मग जो फरक उरतो तो कशाचा, ते तू सांग.”

त्याने दोन्ही वाइन स्टीलच्या पेल्यांत ओतल्या आणि माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला. “प्यायची नाहीये, तपासायची आहे. हुंग, घोट तोंडात फिरव आणि थुंकून टाक.” पांढरी आधी, तांबडी नंतर. तुरटपणा तोंडात रेंगाळतो, म्हणून हा क्रम.

पहिल्या पेल्याला राय आवळ्याचा, कैरीचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास होता. घोट घेताच जिभेच्या कडांना आंबट लागलं, तोंडाला पाणी सुटलं. दुसऱ्यात करवंद आणि पिकलं जांभूळ होतं. थुंकल्यावर मात्र उलटंच झालं : तोंड कोरडं पडलं, हिरड्या आवळल्या, मूठभर जांभळं खाल्ल्यावर होतात तशा. मी म्हटलं, “ही तांबडी.” पण एक गोष्ट मला चक्रावून गेली. दोन्ही पेल्यांत तळाशी कुठेतरी ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास होता.

रंग येतो कुठून?

दादाने समजावलेलं थोडक्यात सांगतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रससुद्धा जवळजवळ बिनरंगीच असतो. रंग असतो सालीत. पांढरी वाइन करताना द्राक्षं दाबून रस सालीपासून वेगळा काढतात आणि मग तो आंबवतात. तांबडीत साली आणि बिया रसाबरोबरच टाकीत राहतात. सालीतून अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं उतरतात, साली-बियांतून टॅनिन उतरतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे तोंड कोरडं झाल्यासारखं वाटतं. आजचं शास्त्र याला चव म्हणण्यापेक्षा स्पर्श म्हणतं. आपण मात्र त्याला ‘तुरट’ म्हणतो आणि षड्रसांत मानाने बसवतो. म्हणजे गोड, आंबट, खारट, तिखट, कडू यांच्या रांगेतला हा शब्द आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतो. बोर्दोची तांबडी ओळखायला मला नवा शब्द शिकावा लागला नाही.

आणि ढोबळी मिरची? बोर्दोच्या तांबड्या वाइनचं एक मुख्य द्राक्ष म्हणजे काबर्ने सोव्हिन्यों. काबर्ने फ्रां हे काळं द्राक्ष आणि सोव्हिन्यों ब्लां हे पांढरं द्राक्ष यांच्या संकरातून ते जन्मलं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1997 मध्ये डीएनए तपासून दाखवलं. थोडक्यात, तांबडीचं एक आजोळ पांढरं आहे. तो हिरवा वास घराण्याचा.

तरी मान कुणाला? बोर्दोतच शातो मार्गो नावाची मोठी वायनरी आहे. 1855 च्या प्रसिद्ध वर्गवारीत तिची तांबडी वाइन पहिल्या श्रेणीत बसली. तीच वायनरी ‘पाव्हियों ब्लां’ नावाची पांढरी वाइनही करते, शंभर टक्के सोव्हिन्यों ब्लांची. पण नियमाप्रमाणे ‘मार्गो’ हे गावाचं नाव फक्त तांबडीला लागतं. पांढरीला ते लावता येत नाही. माती तीच, हात तेच, रंग बदलला की गावाचं नाव गळतं.

रंगवलेली पांढरी

याच बोर्दोत झालेला एक प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना आधी एक पांढरी आणि एक तांबडी वाइन देऊन वासाचं वर्णन लिहायला सांगितलं. पुढच्या बैठकीत पुन्हा दोन पेले दिले. या वेळी दोन्हींत तीच पांढरी वाइन होती, फक्त एकीत वास नसलेला तांबडा रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. नाक त्यांचं तरबेज होतं. पण शब्द डोळ्याने आधीच निवडून ठेवले होते.

काकीची भिरंडं

आता नाशिकहून घरी, जोयडा तालुक्यात येऊ. आमच्या परसात भिरंडाची म्हणजे कोकमाची झाडं आहेत. एक सोडून सगळी तांबड्या फळांची. गोठ्याजवळचं एक मात्र पांढरं. फळ पिकलं तरी पिवळंच राहतं. आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात कन्नडमध्ये त्याला ‘बिळि मुरुगलु’ म्हणतात. तांबड्या भिरंडाच्या सालीत रंग देतात तीही अँथोसायनिनंच, काळ्या द्राक्षाच्या सालीतली. पांढऱ्यात ती तांबूस छटा नाही.

काकी दोन्हींचं सरबत एकाच रीतीने करते. साली, साखर, बरणी आणि अंगणातलं ऊन. पण बाजारातला व्यापारी पांढऱ्याला हात लावत नाही. “रंग नाही, गिऱ्हाईक विचारेल हे कोकम आहे का?” काकांनी ते झाड तोडून तिथे गवताची माच घालायचं ठरवलं होतं. काकी एवढंच म्हणाली, “रंग काय जिभेला लागतो?”

तिच्या पांढऱ्या सरबताची एक बाटली मी मंडळाच्या आस्वाद-वर्गाला घेऊन आलो. तुमच्यातले काही जण त्या दिवशी होते. मी दोन जग ठेवले. दोन्हींत तेच पांढरं सरबत. एकात खायच्या तांबड्या रंगाचे चार थेंब. तुम्ही चिठ्ठ्यांवर लिहिलंत ते माझ्याकडे जपून आहे. फिक्या जगाबद्दल : लिंबू, कैरी, मध, ‘जरा पाणचट’. तांबड्या जगाबद्दल : जांभूळ, करवंद, ‘सोलकढीची आठवण’, ‘जास्त दाट’. दोन्ही एकच आहेत हे सांगितल्यावर हशा पिकला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “म्हणजे सर, आम्ही काय चाखलं?” आपल्या वर्गातला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

वाङ्मयाकडे

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या आणि अभिप्राय लिहून घेतले. त्यावरचं त्यांचं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक 1929 चं. नाव झाकलं की थोर कवी नापास होतात आणि सामान्य कविता डोक्यावर घेतली जाते, असं त्यांना दिसलं. कवीचं नाव हाही एक रंगच. नावाजलेल्या कवीची ओळ दिसली की आपण ‘उत्कट’, ‘चिंतनशील’, ‘प्रतिमासमृद्ध’ हे शब्द आधी काढून ठेवतो, कविता नंतर वाचतो. गावच्या मासिकात एखाद्या अनोळखी बाईची ओवी आली तर ‘साधीभोळी’ म्हणून पान उलटतो. तिला चाखलेलंच नसतं.

म्हणून माझी पद्धत आता दादाची आहे. एकाच हाताच्या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या. नाव झाकायचं. जे सापडेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. राय आवळा आठवला तर राय आवळाच लिहायचा, पुस्तकातलं परदेशी फळ नाही. आणि मगच पंचा सोडायचा. डोळ्याचं म्हणणंही ऐकावं, त्याचा मानही ठेवावा. फक्त ते सगळ्यात शेवटी.

झाडाचं काय झालं, असं विचाराल. चिठ्ठ्या मी घरी वाचून दाखवल्या. काका हसले, पण व्यापाऱ्याचं मत चिठ्ठ्यांनी बदलत नाही, हेही म्हणाले. माच यंदा विहिरीकडे घातली आहे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

स्वाध्याय

1. घरातले एकाच हाताचे दोन पदार्थ (दोन लोणची, दोन कढ्या) डोळे बांधून चाखा. फरक पाच ओळींत लिहा. ‘छान’, ‘मस्त’, ‘टेस्टी’ हे शब्द वर्ज्य.

2. आंबूस, आंबटगोड, आंबटढाण, गोडसर, गोडमिट्ट, सपक, पाणचट, मिळमिळीत. या शब्दांतले फरक उदाहरणं देऊन सांगा. आपल्या गावचे आणखी शब्द जोडा.

3. एका कवीच्या दोन कविता निवडा, नाव झाकून मित्राला द्या. दोन्ही एकाच हाताच्या आहेत हे त्याने कशावरून ओळखलं, किंवा का ओळखलं नाही, ते लिहून मंडळाकडे पाठवा.