गरोदर माता, आयोडीन आणि मिठाची बरणी

मानवी शरीराला आयोडीन लागते ते अत्यल्प. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कमी वजनाची आहे. परंतु एवढीशी मात्राही न मिळाल्यास तिचे दुष्परिणाम जन्मभर भोगावे लागतात, आणि ते भोगण्याची पाळी बहुधा न जन्मलेल्या बालकावर येते.

मानेच्या पुढील भागात असलेली अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, आयोडीनपासून थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. गर्भाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी कार्यक्षम नसते. त्यामुळे त्याला सर्वस्वी मातेच्या संप्रेरकावर विसंबून राहावे लागते. याच काळात मातेच्या ग्रंथीचे काम सुमारे दीडपट होते आणि लघवीवाटे आयोडीनही अधिक जाते. म्हणून गरोदर व स्तनदा मातेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीनची शिफारस केली आहे. तीव्र कमतरतेमुळे गर्भपात, मृत बालकाचा जन्म, बहिरे-मुकेपण आणि मतिमंदत्व संभवते. सौम्य कमतरता डोळ्यांना दिसत नाही. गळ्याला गाठ नाही म्हणजे धोका नाही, असे समजणे चुकीचे ठरेल.

पावसाने व पुराने जमिनीतील आयोडीन धुऊन जाते. अशा जमिनीतील धान्य-भाजीपाल्यातही ते अल्पच उतरते. यावरील उपाय भारतातच सिद्ध झाला. १९५६ पासून हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विभागांना आयोडीनयुक्त, तर एका विभागाला साधे मीठ पुरविले. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. त्यातूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नामांतर होऊन आयोडीन न्यूनता विकारांच्या सर्वच प्रकारांचा त्यात समावेश झाला. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीस देशभर बंदी आहे.

उत्पादनाच्या ठिकाणी मिठाच्या दर दहा लाख भागांत ३० भाग व ग्राहकाच्या हाती किमान १५ भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे. १५ भागांचे पाच ग्रॅम मीठ ७५ मायक्रोग्रॅमच आयोडीन देते. तथापि, अधिक मीठ खाणे हा त्यावर उपाय नव्हे. त्याने रक्तदाब वाढतो. मीठ प्रमाणित असावे आणि आहारात दूध, दही, अंडी, मासळी यांची शक्य तेवढी जोड असावी. जाडे मीठ व उपवासाचे सैंधव यांत आयोडीन असेलच असे नाही. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, ऊन व चुलीची धग यांपासून दूर ठेवावे आणि शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घालावे.

अवटू ग्रंथीचा विकार असलेल्या मातेला मात्र केवळ मीठ पुरेसे नाही. दिवस राहताच तिने डॉक्टरांना दाखवावे व गोळी मनाने बंद करू नये. थायरॉक्सिनची गोळी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचे अंतर असावे.

ग्रामपंचायत सदस्यांनी दुकानातील मिठाच्या पिशवीवरील मजकूर पाहावा. आशा कार्यकर्तीजवळील चाचणी संचाचा थेंब टाकताच आयोडीनयुक्त मीठ निळे-जांभळे होते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात घडवून आणावा. मुलांनी घरून चिमूटभर मीठ आणले, तर गावातील प्रत्येक स्वयंपाकघराची पाहणी एका तासात होईल आणि न जन्मलेल्या बालकाच्या बुद्धीचे रक्षण करण्यास तेथूनच प्रारंभ होईल.