दोरी ओढण्याआधी

घेतलास ना जुना वीडर? आणि विकणारा म्हणाला, "इंजिन गेलंय"? मग स्वस्तात मिळाला असेल. 'गेलेली' इंजिनं माझ्या पडवीत पुष्कळ आली. बरीचशी कार्बोरेटर धुऊन घेऊन परत रानात गेली.

पहिली गोष्ट, आणलास आणि दोरी ओढलीस असं करू नकोस. आधी ऑइल बघ. काठी पुसायची आणि आटे न फिरवता नुसती टेकवायची, फिरवून बसवलीस तर पातळी खोटी दाखवते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची सुई गळतेय आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरलंय. ते ऑइल काढून टाक, सुई बदल, मगच इंजिन फिरव. साडेसहा एचपीच्या इंजिनात साधारण ६०० मिली बसतं. वीडर सपाटीवर उभा कर. ऑइल कमी वाटलं की ठिणगी तोडणारा सेन्सर काही इंजिनांना असतो, त्याला उतार कळत नाही. मी एकदा बागेच्या उतारावर अर्धी सकाळ दोरी ओढत बसलो होतो. तुझी काकू अजून हसते.

आता दोरी हळू ओढ. मध्येच हाताला अडल्यासारखं लागलं तर इंजिनात दम आहे. अगदी मोकळी आली, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोड आणि पुन्हा ओढ. दम वाढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह बसत नाही. एवढं कळल्याशिवाय हेड खोलायचं नाही.

खरा घोळ असतो कार्बोरेटरात. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या कोकणातला पावसाळा, टाकीत अर्धवट पेट्रोल, चार महिने कोपऱ्यात पडलेला वीडर! वाटी खोलशील तर तळाला पाणी आणि पांढरट पूड सापडेल. जेटचं भोक उजेडाकडे धरून बघ. पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. साफ करायला वायरीतली तांब्याची एक तार पुरते. शिवणाची सुई घातलीस की भोक मोठं झालं, मग काळा धूर काढत बस. छोटा पायलट जेट लोक विसरतात, आणि मग 'चोक लावला तरच चालतं' म्हणून माझ्याकडे येतात. यापुढे काम संपलं की कॉक बंद कर आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दमही आहे, तरी चालू होत नाही किंवा दोरी हाताला उलटा हिसका देते? मग आधीच्या मालकाला विचार, पातं जांभ्या दगडावर आपटलं होतं का. फ्लायव्हीलखाली एक छोटी चावी असते, ती कातरली की ठिणगी भलत्या वेळी पडते. फुटकळ किमतीचा तुकडा आहे, पण त्याच्याऐवजी खिळा कापून ठोकू नकोस. आणि फ्लायव्हील पुलरनं काढ, हातोडीनं नाही.

चालू होऊन दहा मिनिटांत मेलं तर टाकीचं झाकण सैल करून बघ. झाकणातलं हवेचं भोक मातीनं बुजलेलं असतं.

टॅपेटला मात्र एकट्यानं हात लावू नकोस. या जातीच्या इंजिनाला इनलेट ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर, पण फीलर गेज किती घट्ट सरकायला हवा ते सांगून कळत नाही. गेज माझ्याकडे आहे. उजाडताच ये, आणि येण्याआधी इंजिन चालू करून बघू नकोस. ते माप थंड इंजिनावरच घ्यायचं असतं.